पत्र्याच्या खोलीचा उंबरा

अक्कांनी चपलेसकट पाय माझ्या उंबऱ्यावर ठेवला आणि विचारलं, "हा कोनाले इचारून घातला व, धुळेवाली?"

पाय उचलला नाही. टाचेनं दाबून पाहिलं, पक्का आहे का ते. मी आत पुरणाची डाळ निवडत बसले होते. दुसऱ्या दिवशी आखाजी. तशीच उठून दारात आले. बाहेर ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. अक्का आमच्या मालकीणबाई. हा केळीचा मळा त्यांचा, पॅकिंगची शेड त्यांची, आम्ही राहत होतो ती पत्र्याची खोलीही त्यांची. त्यांच्या मागे त्यांची सून छत्री धरून उभी होती.

"अक्का, पाय..." मी म्हटलं.

"काय पाय?"

"उंबरा आहे तो."

त्या हसल्या. "उंबरा घराले असतो. हे काय घर आहे? मजुराले दिलेली खोली आहे ही." मग खाली वाकून नीट बघितलं. "अन् माप आमच्या दाराचं घेतलं वाटते?"

घेतलंच होतं.

"उद्या इथं कोनाले बोलावणार आहे तू?"

"सासूबाईंना. गेल्यानंतरची पहिली आखाजी आहे त्यांची. घागर भरायची आहे."

तेव्हा त्यांचा आवाज चढला. "आमच्या मळ्यात आमचे पितर येतात. तुमचे पितर तुमच्या गावाले बोलवा! आज उंबरा घातला, उद्या पितर बसवले, परवा म्हणशान जागाच आमची." मग मान वळवून सुनेला विचारलं, "तुले माहीत होतं का व?"

सूनबाई छत्रीच्या दांड्याकडे बघत होती. शुद्ध मराठीत म्हणाली, "मला काहीच माहीत नाही, मम्मी."

माझ्या तोंडात कुणी मारली असती तरी चाललं असतं. कारण तिला माहीत होतं. तिलाच विचारून मी तो उंबरा घातला होता.

"सांजच्या आत फोडून टाका," अक्का म्हणाल्या. "अन् उद्या लवकर ये. जावई येणार आहेत. आपला उंबरा धुवाचा आहे, सांजोऱ्या लाटाच्या आहेत." पाय उचलला, चपलेची धूळ तिथंच राहिली. दोघी बंगल्याकडे गेल्या.

धुवायचा असला की उंबरा आपला!

आम्ही शिंदखेडा तालुक्यातले. गावाचं नाव सांगून उपयोग नाही, कुणी ऐकलेलं नसतं. कोरडवाहू जमीन, भावांमध्ये वाटून उरेल ती केवढी. म्हणून नवऱ्यानं रावेरकडं केळीच्या पॅकिंगमध्ये काम धरलं आणि आम्ही एका पिकअपमध्ये भांडी, गोधड्या, सासूबाई आणि मी असे निघालो. त्यांना नवरा माय म्हणायचा, मीही मायच म्हणायची. धुळं गेलं, जळगाव गेलं, भुसावळ मागे पडलं आणि मुलूख बदलला. दोन्ही बाजूंना केळी. हिरवीगार, गच्च, आत माणूस शिरला तर दिसायचा नाही. आमच्याकडं मार्च लागला की टँकरपाशी हंडे घेऊन भांडणं. इथं केळीच्या बुडाशी दिवसभर ठिबक चालू. माय पिकअपमधून बघत बसली आणि म्हणाली, "आठे झाडंबी आपलापेक्षा जास्ती पानी पेतस."

मी त्या दिवसापासून जळायला लागले. खरं सांगते. आधी केळीवर जळले, मग माणसांवर.

खोली कशी होती? चार बाजूंनी पत्रा, वर पत्रा, खाली कोबा. दाराचा पत्रा आणि जमीन यांच्यात चार बोटं फट. त्या फटीतून धूळ यायची, उंदीर यायचे, ठिबकची नळी फुटली की पाणी यायचं, एकदा साप आला. मी झाडायची आणि वारा परत सगळं आत आणून टाकायचा. बाहेरचं बाहेर राहत नव्हतं, आतलं आत राहत नव्हतं.

तरी मी हातपाय गाळले नाहीत. केळी ज्या खोक्यांत भरून परदेशी जातात, ती फाटकी खोकी पॅकिंगमधून आणली आणि पत्र्याच्या आतून बांधली. ऊन थोडं कमी लागायचं. घडावर चढवतात त्या निळ्या पिशव्यांचा पडदा केला. ठिबकची जुनी नळी ताणून कपडे वाळवायची दोरी केली. तेलाच्या डब्यात तुळस लावली. भिंतीला खोक्यांवरची केळ्यांची चित्रं. नवरा म्हणायचा, "दिवसभर केळीच बघतो, घरातही केळीच?" मी म्हणायची, "मग तू आण ना दुसरं काही." तो हसायचा. त्या खोलीत आम्ही हसलो नाही असं नाही.

पण मायचं मन लागेना. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. जन्मभर उंबरा ओलांडायची सवय तिला. दारात आली की पाय उचलायची. खाली काही नसायचं आणि तोल जायचा. रोज. मी म्हणायची, "माय, नाही आहे तिथं काही, सरळ ये." ती म्हणायची, "हा, हा," आणि दुसऱ्या वेळी पुन्हा पाय वर. म्हातारीच्या पायाला घर पाठ होतं आणि ते घर इथं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात ती आजारी पडली. खोकी बांधली तरी पत्रा तो पत्रा. ओला पंचा अंगावर टाकायचा आणि वारा घालत बसायचं. एका दुपारी दाराकडं बघत म्हणाली, "ह्या घरले उंबरा नही शे. मी मरी गयी ते आखाजीले कोठे येसू वं?"

ज्यांना आमच्याकडचं माहीत नाही त्यांना सांगते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात दिवाळीपेक्षा मोठा सण. त्या दिवशी सकाळी घरची बाई उंबरा धुते, पुजते आणि घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेत उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवते. जेवढी माणसं गेली तेवढी बोटं. मग घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, पुरणपोळीचा घास निखाऱ्यावर टाकायचा. त्याला आगारी म्हणतात. पितर येतात ते उंबऱ्यावर येतात. मायनं मरेपर्यंत दरसाल हे केलं. या खोलीत आल्यावर मात्र ती त्या दिवशी कोब्यावर बोटं उमटवायची आणि दिवसभर कुणाशी बोलायची नाही.

ती त्याच खोलीत गेली. त्याच दारातून तिला नेलं.

मग माझ्या डोक्यात उंबरा बसला. यंदा मायला बोलवायचं तर कुठं बोलवायचं? गावी जावं म्हटलं, तर नवरा घरातला थोरला, घागर त्यानंच भरायची आणि त्याला सुट्टी मिळेना. बाहेरदेशी माल जायचा होता, कापणी रोज चालू. आणि खरं म्हणजे मायनं गावचं विचारलंच नव्हतं. तिनं या घराचं विचारलं होतं. ती गेली ते इथून. तिला यायचं ते इथंच.

आता सूनबाईचं सांगते. तिच्यावर मी जेवढी जळले तेवढी आयुष्यात कुणावर जळले नाही.

ती दोंडाईच्याकडची. म्हणजे आमच्याच तालुक्यातली म्हणा ना. आम्ही आलो त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. वरात आली तेव्हा मी बंगल्याच्या मागच्या ओट्यावर पातेली घासत होते. खिडकीतून दिसत होतं. सागवानी दार, पितळी कड्या, पायरीला फुलं. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं. तिनं पायानं लवंडलं, तांदूळ पसरले, बाया हसल्या, कुणीतरी नाव घ्यायला लावलं. मीसुद्धा असंच माप ओलांडून सासरी आले होते. घर मातीचं, पण उंबरा होता, माप होतं, हसायला बाया होत्या. आणि इथं? इथं पिकअपमधून उतरले आणि सरळ आत. पाय उचलावाच लागला नाही. दोघी एकाच मुलखातून आलो, एकाच मळ्यात आलो. एकीचं येणं लोकांनी पाहिलं. दुसरीला कुणी नाव विचारलं नाही. मी आले त्या दिवसापासून धुळेवाली. धुळं माझ्या गावापासून केवढं लांब, पण अक्कांना काय त्याचं.

तिच्या खोलीला तिनं सांगितला तो रंग दिला. माझ्यासमोर रंगाऱ्याला म्हणाली, "हा नको, थोडा फिका." दुसऱ्या दिवशी फिका दिला! मी फरशी पुसत होते. मला रंगाचं काही नव्हतं. पण 'हा नको' म्हणायचं आणि ते बदलायचं, हे बघून माझा जीव जळला.

एकदा मागच्या अंगणात मी मायशी फोनवर... नाही, माय तर तेव्हा इथंच होती, फोन माझ्या बहिणीचा होता. मी अहिराणीत बोलत होते. सूनबाई कपडे वाळत घालायला आली आणि तशीच थांबली. फोन ठेवल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, तू आपलाकडनी शे का?" डोळ्यांत पाणी. म्हणाली, घरात अहिराणी बोलली की मम्मी हसतात, गावंढळ बोली म्हणतात. तिथून पुढं ती कुणी नसलं की माझ्याशी आपल्या बोलीत बोलायची. कुणी आलं की गप्प. मग मी धुळेवाली आणि ती वहिनी.

एका दिवशी म्हणाली, "माले आठे करमत नही, ताई. परकं परकं वाटस."

करमत नही! गार खोलीत, स्वतःच्या पसंतीच्या रंगात, सागवानी उंबऱ्याच्या आत बसून करमत नाही! मी वरून "व्हई, व्हई" केलं आणि आत पेटले. बंगला तुझा, पाणी तुझं, रंग तुझा. घर सोडून आल्याचं दुःख तरी माझं माझ्याकडं राहू दे ना बाई. तेही तुलाच हवं?

आणि रोज सकाळी तिचा तो उंबरा मी पुसायची. आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्यानं, मग दोन्ही कोपऱ्यांना रांगोळी, मध्ये हळदीकुंकू. बोटांना त्या लाकडाचा गुळगुळीतपणा पाठ झाला होता. एक दिवस मी विती टाकून त्याची रुंदी मोजली. मोजली ती मोजली. लाज बिज वाटली नाही.

उंबरा घालायचं ठरलं तेव्हा नवरा म्हणाला, "आबांना विचारावं लागेल." आबा म्हणजे मालक. पण आबा घरातल्या गोष्टीत तोंड घालत नाहीत, सगळं अक्कांच्या हातात. अक्कांपुढं उभं राहायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून मी सूनबाईला विचारलं. आपल्या मुलखाची आहे, आखाजी म्हणजे काय ते हिला सांगावं लागणार नाही. तिनं मायचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "घाल ना ताई. आखाजीले उंबरा नही ते कसं चालई? मी सांगसू मम्मीले."

मी विश्वास ठेवला. बोलीवर विश्वास ठेवला मी. एका बोलीत रडतो म्हणजे आम्ही एका बाजूच्या, असं धरून चालले.

कंपाउंडचं काम झालं तेव्हा उरलेले विटांचे तुकडे बांधावर पडले होते. सिमेंट नवऱ्यानं एका ओळखीच्या गवंड्याकडून पिशवीभर आणलं. बाकी मी केलं. कोबा छिन्नीनं खरबरीत केला, विटा बसवल्या, वरून सिमेंट लावलं आणि स्टीलच्या वाटीनं घोटघोट घोटलं. वर गेरू दिला. रुंदी बंगल्याच्या उंबऱ्याएवढी. एक बोटही कमी नाही. दाराचा पत्रा खालून थोडा कापावा लागला, पण फट बुजली. वाळल्यावर मी बाहेर गेले आणि पाय उचलून आत आले. परत बाहेर गेले, परत आत आले. नवरा म्हणाला, "येडी झाली का?" मग तोही उठला आणि बाहेर जाऊन आत आला. आणि खोलीत इकडं तिकडं बघत राहिला. म्हणाला, "घर लागतं आहे आता."

त्या उंबऱ्यावर अक्कांनी पाय ठेवला.

त्या गेल्यावर मी कितीतरी वेळ दारातच उभी होते. रडू आलं नाही. चपलेची धूळ पदरानं पुसली. तुमचे पितर तुमच्या गावाले बोलवा. आम्ही राबायला चालतो. आमचे हात तुमच्या घरात चालतात, तुमच्या पुरणात चालतात. आमचं मेलेलं माणूस तुमच्या जमिनीवर एका दिवसापुरतं आलेलं चालत नाही. माय या मळ्यात खुरपत होती, तिचा घाम चालला. तिचं नाव नाही चाललं.

आणि ती सूनबाई. मला काहीच माहीत नाही, मम्मी. अक्कांचा राग येत होता, तो सरळ होता. हिचा राग कुठं ठेवावा कळेना.

दिवस कलताना नवरा आला. त्याला शेडमध्येच कळलं होतं. हातात पहार घेऊनच आला.

"काय करतो?" मी विचारलं.

"फोडतो. आपण त्यांच्या जागेत राहतो. खोली गेली, काम गेलं, तर कुठं जायचं?"

"माय कुठं येईल उद्या?"

"माझी माय आहे ती!" तो ओरडला. "मला कळत नाही का? पण मेलेल्यासाठी जित्यांनी रस्त्यावर यायचं का?"

त्याचं चुकत नव्हतं. भीती खोटी नव्हती त्याची. त्यानं पहार उचलली आणि मला एकाएकी दिसलं, की उंबरा फोडणार आमच्याच हातानं. अक्कांना हात मळवायचे नाहीत. त्या नुसत्या सांगून गेल्या, त्यांना माहीत होतं आम्हीच फोडू. आणि मग उद्या सकाळी मी त्यांचा धुवायला जाणार. फोडलेल्या उंबऱ्यावरून पाय टाकून.

उंबऱ्यावर बसू नये म्हणतात. आमच्याकडं लेकरू जरी बसलं तरी आया ओरडतात. मी बसले. आडवे पाय टाकून, दोन्ही बाजूंना हात टेकून बसले.

"उठ," तो म्हणाला.

"नाही उठत."

"उठ म्हणतो ना!"

"त्यांना फोडायचा असेल तर त्यांनी फोडावा. त्यांच्या हातानं. तू फोडलास तर मायला काय सांगशील, मीच फोडला म्हणून?"

तो पहार धरून उभा राहिला. मग ती बाजूला टाकली आणि भिंतीला पाठ लावून बसला आणि रडला. मी त्याला गप्प केलं नाही. मला उठायचंच नव्हतं. चूल पेटवायची वेळ झाली तेव्हा उठले.

सकाळी मी बंगल्यावर गेले नाही.

आयुष्यात पहिल्यांदा सणाच्या दिवशी मी माझ्या घरचं काम आधी केलं. पुरण वाटलं. आंबे पिळायला ठेवले. उंबरा धुतला. आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्यानं. मग कुंकवाची वाटी घेऊन खाली बसले.

तेवढ्यात सूनबाई आली. पैठणी नेसलेली, गजरा माळलेला. इकडं तिकडं बघून आपल्या बोलीत म्हणाली, "ताई, चाल ना. मम्मी बोलाई राहिनी. पाव्हना येवाना टाइम व्हयना."

"मना घर आज सण शे," मी म्हटलं.

"असं नको करू वं..."

मी तिच्याकडं बघितलं नाही. ती गेली. मला माहीत होतं आता कोण येणार.

मायचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. आमच्याकडं सून सासूचं नाव घेत नाही. मेल्यावरही मी मायच म्हणत होते. पण उंबऱ्यावर नाव घेऊनच बोलवावं लागतं, आणि आता या घरात नाव घेणारी बाई मीच. आधी सासरे. मग त्यांचे आईबाप. प्रत्येकाला एक बोट. मायचं बोट उमटवायची वेळ आली आणि अक्का समोर येऊन उभ्या राहिल्या. मागे सून.

"काय तमाशा लावला?" अक्का म्हणाल्या. "फोडला नाही तो नाही, वरून कुंकू लावत बसली. तिकडं सगळं पडलं आहे."

मी मान वर केली नाही. मी म्हटलं, "सुपडाबाई." आणि बोट टेकवलं.

"काय म्हणते?"

"माझ्या सासूचं नाव आहे, अक्का. सुपडाबाई. तुमच्या केळीत खुरपत होत्या. तुम्ही कधी विचारलं नाही म्हणून सांगते."

अक्का म्हणाल्या, "खोली खाली करा."

"करू. घागर झाल्यावर, जेवणं झाल्यावर करू."

"आत्ताच्या आत्ता हा फोडाचा!"

मी उठले. कोपऱ्यातली पहार आणली आणि त्यांच्यासमोर धरली. "घ्या. फोडा. मी अडवणार नाही. पण मी नाही फोडणार, आणि माझा नवराही नाही. तुमच्या हातानं फोडा. आज आखाजी आहे, आणि उंबऱ्यावर आमची माणसं आलेली आहेत."

त्यांनी पहारीकडं बघितलं. उंबऱ्यावरच्या ओल्या कुंकवाकडं बघितलं. पहार हातात घेतली नाही. कशी घेतील? त्याच खान्देशातल्या त्या. त्यांच्याही उंबऱ्यावर आज बोटं उमटायची होती. फोडायला सांगणं सोपं होतं. फोडणं त्यांच्यानंही होईना.

"मोठी आली," एवढंच म्हणाल्या आणि वळल्या. त्यांचा उंबरा त्या दिवशी कुणी धुतला, मला माहीत नाही. सुनेनं धुतला असेल. धुऊ दे.

नवऱ्यानं घागर भरली. निखाऱ्यावर घास टाकला. धूर सरळ वर गेला आणि तो म्हणाला, "आली." मला एवढंच कळत होतं, की पाय उचलून ती आली असेल तर आज तिचा तोल गेला नाही.

खोली आम्ही त्याच आठवड्यात सोडली. नवऱ्याचं कामही गेलं. पिकअपमध्ये सामान भरत होतो तेव्हा सूनबाई केळीच्या आडून आली. डबा होता हातात, सांजोऱ्यांचा. म्हणाली, "ताई, माफ कर. माले भ्याव वाटना."

मला माहीत होतं ती खोटं बोलत नाही. भीती तिलाही असणार. त्या घरात तीही परकीच. हे सगळं मला कळत होतं. तरीही मी म्हटलं, "मना कानमा काय सांगी राहिनी? तठे तुनी सासूमोरे सांग. आपली बोलीमा सांग. मंग मी माफ करसू."

ती उभी राहिली. बंगल्याकडं बघितलं. गेली नाही. मी डबा घेतला नाही.

आता आम्ही मुक्ताईनगरकडं असतो. नवऱ्याला एका कोल्ड स्टोरेजवर काम मिळालं. खोली शोधत फिरलो तेव्हा तो पाण्याचं विचारायचा, लाइटचं विचारायचा. मी दार बघायची आणि म्हणायची, "इथं मी उंबरा घालणार." एक मालक हसला. एक म्हणाला, "भाड्याच्या खोलीला कसला उंबरा?" आम्ही भरलेली गाडी तशीच पुढं नेली. उन्हात नवरा चिडला, मला नाही नाही ते बोलला. मी ऐकून घेतलं आणि पुढचं दार बघितलं.

मला शेजारणी म्हणतात, दुसऱ्याचं बघून जळू नये. का जळू नये? मी जळते. त्या सागवानी दारावर आजही जळते. फिक्या रंगावर जळते. त्या सुनेच्या मापावर, पसरलेल्या तांदळावर जळते. जळले नसते तर कोब्यावर बोटं टेकवून गप्प बसले असते मायसारखी. हे जळणं मला कुणी समजूत घालून विझवू नये. मी विझवणार नाही.

दुसऱ्याचा उंबरा मी यापुढं पुसणार नाही, उपाशी राहिले तरी. जिथं राहीन तिथं, आठवडा असो की वर्ष, आधी उंबरा घालणार. फोडला तर पुन्हा घालणार. आणि कुणाला विचारणार नाही. सांगणार.